बिनइंजिनाची महानौका

गडहिंग्लजहून सुटलेली एसटी एका चढाच्या पायथ्याशी अडकली आणि रुद्राणीनं घड्याळात पाहिलं. आज वेळेत कोल्हापूर गाठलं नाही तर मसाई जाणार होती.

मसाई हा तिचा ग्रह. बीएस्सीला फिजिक्सच्या बाकावर चार-पाच जणांनी मिळून एक खेळ रचला होता. कृष्णातनं कबनूरच्या घरच्या मागावरचं कोरं कापड आणलं, त्यावर शाईनं तारे आणि ग्रह काढले. सूत संपलेल्या रिकाम्या कांड्या म्हणजे युद्धनौका. पदवी मिळून दीड वर्ष झालं, सगळे पांगले, तरी महिन्यातला एक रविवार कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या कृष्णातच्या खोलीवर ठरलेलाच. नियम एकच कडक होता: ज्याचा शेवटचा ग्रह पडला तो खेळातून उठला, त्याची जागा नव्या भिडूला. रुद्राणीकडं फक्त मसाई उरली होती. गावी दिवसभर शिकवण्या घेणाऱ्या तिच्या डोक्याला खरं खाद्य मिळायचं ते याच रविवारी. तोच गेला तर उरलेले तीस दिवस कशाच्या जोरावर काढायचे?

मसाईचं पोलाद यायचं बावडा ग्रहावरच्या खाणीतून. त्या खाणीवर त्याच बाकावरच्या पृथ्वीराजची महानौका ठाण मांडून बसली होती. तिचं नाव गजेंद्र. आजच्या तीन डावांत तिला हटवलं नाही, तर तिसऱ्या डावाअखेर तिचं इंजिन उडीसाठी तयार होणार आणि ती थेट मसाईवर येऊन पडणार. गजेंद्रला भिडायला महानौकाच हवी. पण ताऱ्याताऱ्यांतून उडी मारणारं इंजिनच शिलकीतलं निम्मं पोलाद खाई. रुद्राणीनं महिनाभर आकडे फिरवून पाहिले. चिलखत जाड केलं की तोफा उरत नव्हत्या, तोफा ठेवल्या की चिलखताचा पापड व्हायचा.

"ओ ट्रॅक्टरवालं! रस्ता काय घरचा हाय व्हय?" कंडक्टर दारातून ओरडला.

पुढं उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर धापा टाकत उभा होता. ड्रायव्हर खाली उतरला. "पावणं, दोन्ही एकदम न्हाय चढत. एक वर टाकून येतो. तवर तंबाखू मळा की!"

त्यानं मागच्या ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, पिन उपसली आणि एकच ट्रॉली घेऊन तो घरघरत वर गेला. थोड्या वेळानं मोकळा ट्रॅक्टर उड्या मारत खाली आला आणि दुसरी जोडू लागला. एसटीतली माणसं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. रुद्राणी मात्र खिडकीतून निम्मी बाहेर झुकून बघत होती. एकाएकी ती मोठ्यानं हसली.

"हसतीस काय गं? खुळी का काय?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं.

"मावशी, इंजिन सुटं करायचं!"

"कर बाई. पर आमची गाडी तेवढी हलू दे."

कोल्हापूर येईपर्यंत रुद्राणीनं तिकिटाच्या पाठीवर सगळा हिशोब मांडला. इंजिन लागतं ते लढाईपर्यंत पोचायला. लढाईत ते नुसतं ओझं. मग एकच छोटं इंजिन बांधायचं, एक ट्रॅक्टर. आणि दोन ट्रॉल्या, ज्यांच्यात चिलखत आणि तोफा यांखेरीज काही नाही. एकेक करून बावड्याला नेऊन टाकायच्या.

"आली गं बया!" ती खोलीत शिरताच पृथ्वीराज म्हणाला. "मला वाटलं, मसाई माझ्या नावावर करून घरीच बसलीस."

"मी बसनं आलो, तुझ्यागत बुलेटवर न्हाय. कृष्णात, तीन कांड्या दे."

तिनं बेत सांगितला तसा पृथ्वीराज गुडघ्यावर थाप मारून हसला. "महानौका, आणि नाव ट्रॉली? अगं, पळायची वेळ आली तर?"

"पळायचंच न्हाय."

"बरं. ट्रॅक्टर सोडून गेला की ट्रॉलीचं काय हुतंय? आपला नियम हाय, इंजिन बंद पडलं की नौका ग्रहावर पडती. तुझ्या ट्रॉलीला तर इंजिनच न्हाय!"

कृष्णात खेळाचा पंच. त्यानं मान हलवली. "बरोबर हाय त्याचं."

रुद्राणीला चढावरचा ट्रॅक्टर आठवला. ड्रायव्हरनं चाकांना दगड लावले होते. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि हिशोबात धरायलाच विसरली. अंतराळात दगड कुठून आणायचा? ती कापडावरच्या बावड्याकडं बघत राहिली. बावड्याभोवती एक बारका चंद्र काढलेला होता.

"ह्या चंद्राला कुठं इंजिन हाय?" ती म्हणाली.

कृष्णात कापडावर वाकला.

"थांबलेली नौका पडती. फिरती न्हाय पडत! ट्रॅक्टर सोडतानाच तिला आडवा वेग देणार. मग ती चंद्रासारखी फिरत ऱ्हाणार."

कृष्णातच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मान्य. पण मग थांबायचं न्हाय, वळायचं न्हाय. कक्षा नेईल तिकडं जायचं."

"चालंल!"

पहिल्या डावात ट्रॅक्टरनं एक ट्रॉली बावड्याच्या पलीकडच्या बाजूला सोडली आणि तो परतला. दुसऱ्या डावात ती फिरत गजेंद्रसमोर आली. पृथ्वीराजनं गजेंद्रचे दोन फासे टाकले आणि ट्रॉलीचं चिलखत जवळजवळ सोलून काढलं. पण ती टिकली. आता रुद्राणीची पाळी; ट्रॉलीला फासा एकच. गजेंद्रचं निम्मं पोट इंजिनाचं, म्हणून चार, पाच किंवा सहा पडले तर घाव इंजिनावर. पडले दोन.

"गेली मसाई," पृथ्वीराज म्हणाला.

शेवटच्या डावात फुटकी ट्रॉली फिरत ग्रहाआड गेली, आणि मागून ट्रॅक्टरनं आणलेली दुसरी, कोरी करकरीत, समोर आली. पृथ्वीराजनं हातावर फुंकर मारून फासे टाकले. दोन सहा! तो उठून उभा राहिला. "इंजिनावर घाव! मर आता!"

"कुठलं इंजिन?" रुद्राणी म्हणाली.

तो परत खाली बसला. कृष्णातनं चिलखत मोजायला ठेवलेले खडे उचलले. थोडे उरले.

रुद्राणीनं फासा मुठीत धरला. तिला भयंकर मजा येत होती. फासा कापडावर गडगडला, चंद्राला अडला आणि थांबला.

पाच.

"इंजिन बंद," कृष्णात म्हणाला. "पृथ्वीराज, तुझी गजेंद्र खाणीवर उभीच हाय न्हवं? फिरती न्हाय?"

"उभी..." पृथ्वीराज बोलता बोलता थांबला. मघाशी त्यानंच सांगितलेला नियम त्याला आठवला असावा. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आयला!"

रुद्राणीनं गजेंद्रची कांडी दोन बोटांत धरून हळूच बावड्यावर आडवी केली. मग ट्रॅक्टर उचलला आणि मसाईकडं नेता नेता मध्येच थांबवला.

"कृष्णात, पुढच्या महिन्याला ह्याला तीन ट्रॉल्या ओढवतील का रे?"

"तीन कशाला?"

"पृथ्वीराजच्या ग्रहावर जायचं हाय. चढ मोठा हाय," ती म्हणाली, आणि नव्या कांड्या मागायला तिनं हात पुढं केला.