तित्तिरावरची वाळू

घरच्या वावरात द्राक्षाचे वेल लावायला खणताना एर्सिलियाच्या कुदळीखाली रंगीत खडे लागले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. खाली कुणा रोमन जमीनदाराच्या घराची फरशी निघाली. तिच्यावर बारीक खड्यांनी चितारलेला, अंजिराला चोच मारणारा तित्तिर. सरकारने वावर ताब्यात घेतलं, कुंपण घातलं, वर छप्पर टाकलं. राखणदार नेमायची वेळ आली तेव्हा एर्सिलिया अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी अडकलेली. किल्ली गेली तिच्या भावाच्या बायकोकडे. त्या नीवेसला गावात नांदायला येऊन वर्षही झालं नव्हतं.

बावीस वर्षं एर्सिलियाने सगळं कुंपणाबाहेरून पाहिलं. बस भरभरून लोक येत, नीवेस त्यांना आत नेई, निघताना लोक तिचे हात हातात घेत. सणाच्या जेवणाला महापौराच्या शेजारी खुर्ची तिचीच.

"वन्सं, आत या की कधीतरी."

"माझ्याच वावरात मला आमंत्रण? राहू दे."

एके सकाळी तिला दिसलं की नीवेस फरशीवर बादलीने पाणी मारतेय. ओल्या खड्यांचे रंग उजळतात, लोक खूश होतात. पण पाण्याने खडे सुटतात म्हणून त्याला सक्त मनाई होती. दुसऱ्या दिवशी ठेवणीतला कोट घालून एर्सिलियाने शहर गाठलं आणि पुराणवस्तूंच्या कचेरीत सगळं सांगून आली. किल्ली आता आपल्याकडे येणार, असं ती धरूनच चालली होती.

साहेब आले, खडे सुटलेले दिसले. नीवेसची किल्ली गेली. पण दुरुस्तीची सोय होईपर्यंत फरशी कापड आणि वाळूखाली झाकायचं ठरलं. राखणदाराची गरजच उरली नाही.

वाळू पडायच्या दिवशी दोघी तिथे होत्या.

"तुम्हीच सांगितलंत ना?" नीवेसने विचारलं.

"हो."

"वाटलंच मला. या, आता तरी बघून घ्या."

एर्सिलिया आत गेली. तित्तिर तिच्या आठवणीपेक्षा लहान होता. शेजारी नीवेस पालथ्या हातांनी डोळे पुसत होती, कुठला खडा कुठे हलतो हे मजुरांना सांगत होती. ते ऐकत एर्सिलिया तित्तिराकडे बघत राहिली. हिच्याकडे रडण्यासारखी बावीस वर्षं होती, आपल्याकडे ही एक सकाळ.

मजूर पाटी धरून खोळंबला होता. ती बाजूला झाली.