निळ्या चौकटीचा तुकडा

आई शिवणकाम करायची. शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा तुकडा वहीत टाचायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या, ही तिची लहानपणापासूनची सवय. आता तिला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. मी रोज तिच्याकडे जाऊन एकेक पान वाचून दाखवते. तुकड्यावरून बोट फिरवलं की माणसं आठवतात तिला.

त्या रविवारी मामा आले. आईचे थोरले भाऊ. "हिला चार दिवस माझ्याकडे नेतो," म्हणाले. "तुलाही जरा उसंत." मला बरंच वाटलं. आई तर लगेच चपला घालून तयार.

सोबत द्यायला म्हणून मी तिच्या वह्या-चिंध्यांच्या पेटीच्या तळातली सगळ्यात जुनी वही काढली.

"ती राहू दे," मामा पटकन म्हणाले. "जुनं उकरून काय मिळणार?"

त्यांचा तो सूर मला खटकला. मी वही आत नेऊन चाळली. शेवटच्या पानावर निळ्या चौकटीचा तुकडा होता. खाली आईचं कच्चं अक्षर: "माझ्या धाकट्या बहिणीचा, चिमीचा फ्रॉक. मी शिवला. दादा तिला खाणीकडे घेऊन गेला. एकटाच परत आला. ती माझ्याबरोबर नव्हतीच असं सांग, म्हणाला. मी तसंच सांगितलं."

आईला धाकटी बहीण होती, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आवरलं का गं?" बाहेरून मामांनी विचारलं.

मी बाहेर येऊन वही आईच्या मांडीवर उघडून ठेवली. वाचून दाखवायचा धीर झाला नाही. तिने तुकडा चाचपला, उलटा केला, टाक्यांवरून बोट नेलं. मग वाकून चपला काढल्या.

"दादा, मी नाही येत."

"अगं, झालं काय?"

"ते आठवत नाही. पण तुझ्याबरोबर नाही यायचं."

मामा माझ्याकडे बघत राहिले. "अशा किती वह्या आहेत?"

"एवढीच," मी खोटंच सांगितलं.

ते गेल्यावर मी आईला आणि सगळ्या वह्या माझ्या घरी आणल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीचा फोन आला. आईच्या घराचं कुलूप फोडलं होतं. कपाट, शिलाई मशीन जागच्या जागी. फक्त पेटी पालथी, चिंध्या घरभर.

"चोर तरी कसला," ती म्हणाली, "चिंध्यांवर जीव असलेला."

मला हसू आलं नाही. माझं घर मामांना ठाऊक आहे.