बारवेवरचं नाव

रुकसाना शिकली मराठी शाळेत. नळदुर्गाजवळच्या तिच्या गावात निजामाच्या काळातली बारव होती, तिच्यावर उर्दूत कोरलेला दगड होता, पण तो तिलाही वाचता येत नव्हता. गाव मात्र धरून चालायचं की तिला येतच असणार. शेवटी चिडूनच तिनं मोबाईलवर ती लिपी गिरवायला घेतली. एका संकेतस्थळावर फुकट धडे होते आणि देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या गावचा इतिहास तिथं मांडून ठेवला होता. शिवणकामातून उसंत मिळेल तशी ती वाचत राहिली. आठ महिन्यांनी दगडापुढं बसून तिनं झिजलेलं एकेक अक्षर लावलं.

त्याच सुमारास ग्रामसभेत ठराव आला. बारव माजी सरपंच आण्णासाहेबांच्या पणजोबांनी बांधली, म्हणून पणजोबांच्याच नावाची पाटी लावायची.

रुकसाना उठली. "दगडावर दुसरं नाव हाय. हणमव्वा वडार. दुष्काळात तिनं आन् तिच्या माणसांनी खोदली, असं लिवलंय."

"मोबाईलवर कायबी येतंय," आण्णासाहेब म्हणाले.

"दगड मोबाईलात न्हाय, आण्णा. चला, बोट ठिवून वाचून दावते."

कुणी जागचं हललं नाही. ठराव मंजूर झाला. निघताना आण्णासाहेब हळूच म्हणाले, "तुझा शिवणवर्ग पंचायतीच्या खोलीत चालतोय, ध्यानात ठेव."

"ठिवलंय," ती म्हणाली. घरी येऊन तिनं दगडाचा फोटो आणि अर्थ त्या संकेतस्थळावर टाकला. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट.

चौथ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं. रुकसानानं घरचं शिवणाचं मशीन हातगाड्यावर घातलं आणि थेट वडार वस्ती गाठली. पाटे-वरवंटे घडवणाऱ्या हरणाबाईनं छपराखाली जागा करून दिली आणि फोटोतला मजकूर तिच्याकडून तीनदा वाचून घेतला.

"हणमव्वा माझ्या सासऱ्याची आजी," ती म्हणाली. "आमाला वाटायचं, नुसती सांगायची गोष्ट हाय."

बारवेवर पणजोबांची पाटी लागली. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, सगळ्यांदेखत, दोघी तिथं गेल्या. समोरच्या कोऱ्या दगडावर रुकसानानं खडूनं मराठीत नाव लिहिलं, हरणाबाईनं छिन्नी लावली.

आण्णासाहेब आले. "परवानगी कुणाची?"

हरणाबाईची छिन्नी चालूच राहिली.

"अक्षर चुकलं असंल तर सांगा," रुकसाना म्हणाली. "न्हायतर बाजूला व्हा, आण्णा. तुमच्या सावलीनं बाईला दिसंना झालंय."

 आण्णासाहेब दोन पावलं मागं सरले.