नोंदणी कचेरीतली घंटा

मी नोंदणी कचेरीतली घंटा बोलतेय. पितळेची आहे. आवाज अजून खणखणीत, पण ऐकणार कोण?

माझा जन्म एका नियमापोटी झाला. घर कुणाच्या नावावर करायचं, तर शिपायाने त्या जमिनीच्या चारही कोपऱ्यांवर मला वाजवून विचारायचं, "कुणाची हरकत?" तेव्हा वस्ती मूठभर होती, फारसं कुणाला वाचता येत नव्हतं. नियम शहाणा होता. पुढे माणसं माळ्यावर माळे चढवून राहू लागली. नियम मात्र जमिनीवरच फतकल मारून बसला.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई आली. तिची आत्या अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं हीच करायची. आत्याबाईंना आपली खोली हयातीतच भाचीच्या नावावर करायची होती, कारण त्यांचा दीर रोज तब्येत विचारायला यायचा आणि जाताना खोली पावलांनी मोजायचा.

तीन कोपरे झाले. चौथा निघाला शेजारच्या बेकरीच्या भट्टीत.

"साहेब, भट्टीत कसा शिरू?" शिपायाने विचारलं.

"नियमात भट्टीचा उल्लेख नाही," साहेब म्हणाले. "कोपऱ्याचा आहे."

बेकरीवाला भला माणूस. "ताई, तुमच्यासाठी एक दिवस विझवतो," म्हणाला. आत्याबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. शिपाई कंबरेपर्यंत भट्टीत शिरला, मला उचललं, तोच कचेरीतून फोन आला: नियम आजच रद्द झालाय, घंटा ताबडतोब परत आणा.

बेकरीवाल्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली. हरकत घ्यायला टपून उभ्या असलेल्या दिराला आत्याबाई म्हणाल्या, "घ्या की भावोजी. तोंड कडू झालं असेल."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईला समजावलं, "रद्द झाला तो नव्या प्रकरणांसाठी. तुमचं जुनं. घंटा वाजायलाच हवी."

"मग वाजवा."

"ती आता ऐतिहासिक वस्तू आहे. हात लावता येत नाही."

तेव्हापासून मी काचेच्या कपाटात आहे. वर दिवा, खाली साहेबांचं नाव. नियम रद्द झाल्याबद्दल त्यांचा सत्कारही माझ्यासमोरच झाला. शाल चांगली होती.

बाई दर आठवड्याला येते. आत्याबाईंना आता एक वाक्यही धड पुरं करता येत नाही, असं सांगते. साहेब हळहळतात. वरून मार्गदर्शन मागवलंय, म्हणतात.

बाई, माझं ऐक. ही काच पातळ आहे. बेकरीवाला आजही भट्टी विझवायला तयार आहे आणि शिपाई ऐन वेळी मुद्दाम दुसरीकडे बघेल, मी त्याला ओळखते. पुढच्या खेपेला अर्ज आणू नकोस. दगड आण.