बानूची पाठवणी

बायकोचं ऐकून भारत चांगलाच फसला. निघताना सत्यशीलानं बानूला अंघोळ घातली, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं. बानू म्हणजे मेंढी. सत्यशीलाच्या आईच्या कळपातली शेवटची. दुष्काळात कळप मोडला, पाठोपाठ आई गेली, आणि माहेर म्हणून तिच्याजवळ उरली ती ही मेंढी, शहरात, मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीमागं बांधलेली. आता घरमालकाला मागच्या जागेत आणखी खोल्या काढायच्या होत्या. बानूला हलवणं भाग होतं.

"पाचोडच्या बाजारात इकू," भारत म्हणाला होता. त्यावर सत्यशीलानं त्याच्याशी अबोला धरला. बाजारात विकलेली मेंढी कुठं जाते, हे काय तिला ठाऊक नव्हतं? शेवटी ठरलं, की खेडोपाडी हिंडायचं आणि चांगलं घर बघून बानू देऊन टाकायची. चाऱ्याचे वांधे असताना हे जास्तीचं तोंड कोण घेणार, असं काही भारतनं विचारलं नाही. शहाणा माणूस.

करमाड मागं पडलं, गाडी आतल्या रस्त्याला लागली आणि सत्यशीलाचा जीव हलका झाला. रान करपलेलं, विहिरी आटलेल्या, तरी बांधाबांधाला पळस फुलला होता, कडुलिंबाला कोवळी पालवी आली होती. शहरात बघावं तिकडं नवी भिंत. इतकं लांबवर तिनं किती दिवसांत पाहिलंच नव्हतं. बानूही मान वर काढून वारा खात होती. जशी काय गाडी तिच्याच नावावर आहे!

आणि माणसं तरी किती मायेची! एका वस्तीवर टँकरला रांग लागली होती. बायकांनी आपल्या घागरीतलं पाणी आधी बानूला पाजलं. पुढं एका म्हाताऱ्यानं मोसंबीच्या वाळत्या बागेतला पाला आणून दिला, भारतला बळंच चहा पाजला. पण "हिला ठेवून घेता का?" म्हटलं, की जो तो कान पकडायचा. अखेर एक बाई नारळ घेऊन धावत आली, तेव्हा उलगडा झाला.

"देवाला सोडाया चाललाव ना? आमचाबी एवढा नारळ वाहा."

कुंकू लावलेली मेंढी नवसाचीच, असं सगळे धरून चालले होते. देवाची वस्तू घरात कोण ठेवील? भारत हसून हसून गाडीसकट आडवा व्हायचा राहिला.

"पूस ते कुंकू आधी."

"नाय पुसायची," सत्यशीला फणकारली. "लेकीला पाठवताना कपाळ पुसत्यात व्हय?"

पाचोड जवळ येऊ लागलं तसं तिनं बानूला घट्ट धरलं. पुढं बाजारच होता. तेवढ्यात बाभळीखाली मेंढ्या घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं हाक मारली. राजाबाई तिचं नाव.

"कुठं निघालीस बाय, हिला अशी नटवून?"

सत्यशीलानं सगळं सांगितलं. आईचं नाव आलं आणि तिला रडू आवरेना. राजाबाईनं बानूची पाठ चाचपली.

"ठिवते मी. एवढी तोंडं चरत्यात, हिचंच काय जड? पर अर्ध्या वाट्यानं. कोकरं झाली की निम्मी तुमची."

"मावशी, वाटा नको आमाला," भारत घाईनं म्हणाला. "तशीच घ्या की."

"तुला नको आसंल. तशी घेतली तर तुमी ढुंकूनबी बघायचे नाय. वाट्याची म्हंजी दरसाल यावं लागतंय. माझी वस्ती ह्या वढ्यापल्याड, कुणालाबी इचारा. कोकरं बघायची, माझ्या हातची भाकर खायची, मुक्काम करायचा. पोरीची आय गेली म्हणता ना?"

सत्यशीला वाकून तिच्या पाया पडली. आई गेल्यापासून तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

परतताना मागं बसलेली ती सारखी वळून वळून बघत होती. भारतला वाटलं, रडत असणार.

"बानूची आठवण यायली का?"

"नाय. तू सावकाश चालीव. माहेरचा रस्ता ध्यानात ठिवायले मी."