बाळगोळी आणि बाटली

डॉक्टरसाहेब, तुम्ही अर्धंच सांगितलंत, आणि त्या न सांगितलेल्या अर्ध्यात एक पोर जात होतं.

देवासच्या चौकात तुम्ही बजावलंत, घरच्या गुट्या म्हणजे विष, म्हाताऱ्यांचं ऐकू नका. बकुळेनं ते ऐकलं. पहिलटकरीण, तान्हं घेऊन धारच्या माहेराहून नुकतीच सासरी आलेली. त्या दिवसापासून ती सासूच्या सहाणेवर चोरावर ठेवावी तशी नजर ठेवू लागली.

सासूच्या, भवानीबाईंच्या, ते लक्षात आलं. "माझ्याच गुटीवर तुझा नवरा वाढलाय," त्या म्हणाल्या. "कचेरीत जाऊन बघ, मेलाय का ते."

"तसं नव्हे, आत्याबाई. डॉक्टर म्हणतात…"

"म्हणेल की. त्याला कुठं पोर निजवायचंय?"

पोर खोकायला लागलं तेव्हा बकुळेनं तुमच्या दवाखान्यातून खोकल्याची बाटली आणली आणि तांदळाच्या डब्यात लपवली. सासू देवळात गेली की ती पोराला चमचाभर पाजायची. सून न्हायला गेली की भवानीबाई वेखंड-हळकुंड उगाळून त्यात राईएवढी बाळगोळी घालायच्या. अफूची. माळव्यात ती कुणाच्या घरी नव्हती? पण आता विष म्हणतात, म्हणून त्या लपून द्यायच्या.

एका दुपारी पोर उठेना. ओठ निळसर, श्वास मध्येच थांबायचा.

"काय घातलंत त्याला?" बकुळेनं सासूचा हात धरला.

"तू काय घातलंस?"

बकुळेनं तांदळातून बाटली काढून पुढं ठेवली. भवानीबाईंनी थेंब चाटला. कनवटीची गोळी काढून त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली. "ही चाटून बघ. मीही दिली गं सकाळी."

दोन्हींत कडू तेच होतं, अफूचं.

टांग्यात दोघी पोराच्या तळपायांना चिमटे घेत राहिल्या, एकमेकींकडं न बघता. दवाखान्यात तुम्ही खटपट केलीत, ते खरं. दिवेलागणीला पोर रडलं. मग गोळीचं ऐकून तुम्ही हात पुसत म्हणालात, "देखा? बुढियांचं ऐकलं की असं होतं."

भवानीबाईंनी मान खाली घातली. बकुळेनं बाटली तुमच्या मेजावर ठेवली.

"ह्यात अफू आहे की नाही?"

"बाईजी, दवा आहे ती. मोजून घातलेली असते."

"मग मोजताना सांगितली का नाहीत? आत्याबाईंनी तुमच्या भीतीनं लपवली. तुम्ही कुणाच्या भीतीनं लपवलीत? बोला. उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."