चौथा गडी

"सोड मले, तू जाय," घनश्याम म्हणत होता. "इथी येशीन तं तूही मरशीन."

"चूप बस. भिंतीले चिकटून राय," संघदीप म्हणाला. "येऊन राहिलो मी."

घनश्याम पडला होता एका मोडक्या गोदामामागे, आणि ते गोदाम होतं मोबाईलच्या पडद्यावर. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, चार-चार जणांच्या टोळ्या एकमेकींवर गोळ्या झाडतात आणि शेवटी उरते ती टोळी जिंकते, असा तो खेळ. गोळी लागलेला गडी लगेच मरत नाही, जमिनीवर रांगत राहतो. त्याच्या टोळीतल्या कोणी जवळ जाऊन, हातातली बंदूक सोडून त्याला उठवलं तर तो पुन्हा धावू लागतो. नाहीतर संपतो.

संघदीपने आधी धुराचा डबा फेकला. पांढरा धूर दाटल्यावर मोकळ्या मैदानातून पळत जाऊन तो घनश्यामजवळ बसला. भिंतीचे टवके उडत होते. घनश्याम उभा राहिला तशी संघदीपने आपल्याजवळची अर्धी मलमपट्टी त्याच्यापुढे टाकली.

"लेकाच्या, असा येते का कोणी? डोकं हाय का तुले?"

"उठला ना? मंग पळ."

"अपना डॉक्टर है बे," तिकडून प्रफुल म्हणाला. तो गोंदियाचा, त्याच्या तोंडात निम्मी हिंदी. "मुर्दा भी उठा देगा."

टोळीतली आचल हसली. ती मॅच ते हरलेच, पण हरल्यावर घनश्यामने संघदीपला मनसोक्त शिव्या दिल्या आणि संघदीप हेडफोन कानात धरून त्या ऐकत राहिला.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अठराच्या शेवटाला, हा खेळ गोंदिया जिल्ह्यातल्या गावागावांत पोरांच्या हातात होता. पानठेल्यावर, कॉलेजच्या पायऱ्यांवर माना खाली घालून पोरं बसलेली असत. संघदीप त्यांच्याहून मोठा, तिशी ओलांडलेला. तिरोड्याजवळच्या आपल्या गावात, खिडकीशेजारच्या खाटेवर बसून तो खेळायचा. खिडकीतच काय ते नेटवर्क यायचं.

हे चौघे असे खेळातच जमले होते. प्रफुल गोंदियात बी.ए. करत होता. आचलही गोंदियातच, नर्सिंगला होती. ती पहिल्यांदा टोळीत आली तेव्हा चौथा गडी कोणी अनोळखी होता. बाईचा आवाज ऐकताच त्याने घाण बोलायला सुरुवात केली. प्रफुल गप्प राहिला. संघदीपने आवाज न चढवता म्हटलं, "भाऊ, गोळ्या समोरून येऊन राहिल्या. तू तिच्याकडं काऊन पाहून राहिला?" तो माणूस मॅच अर्ध्यात सोडून निघून गेला आणि तिघंच शेवटपर्यंत लढले. पुढे त्या चौथ्या जागी देवरीचा घनश्याम आला. तो मोबाईलच्या दुकानात बसायचा, गिऱ्हाईक नसलं की खेळायचा.

संघदीपचे काही नियम होते. ते त्याने कोणाला शिकवले नाहीत, पण वर्षभरात बाकीच्या तिघांच्या अंगवळणी पडले. शत्रू दिसला की नुसतं ओरडायचं नाही, कोणत्या बाजूला आणि कशाच्या आड ते सांगायचं. आपल्याला नको असलेली गोळी ज्याच्या बंदुकीला चालते त्याला द्यायची. मेलेल्या सोबत्याचं सामान तो बघत असताना उपसायचं नाही. आपण आधी मेलो म्हणून बाकीच्यांना टाकून निघून जायचं नाही, शेवटपर्यंत बघत बसायचं. आणि 'तुझ्यामुळे हरलो' हे कधीच म्हणायचं नाही. शिव्या चालतील, हे नाही.

हे तो खेळात शिकला नव्हता. पूर्वी तो फिटर होता. छत्तीसगडात एका कारखान्याच्या बांधकामावर, जमिनीपासून उंच परांचीवर उभं राहून लोखंड जोडायचा. तिथे दोघं-दोघं काम करत. सोबत्याने आवाज दिल्याशिवाय दोर सोडायचा नाही, त्याचा पाय कुठे आहे ते बघितल्याशिवाय आपला उचलायचा नाही. एका सकाळी दवाने ओल्या झालेल्या फळीवरून त्याचा स्वतःचाच पाय घसरला. कोणाची चूक नव्हती. तो खाली पडला आणि कमरेखालचं शरीर तिथून पुढे त्याचं राहिलं नाही. हात मात्र शाबूत होते. आढ्याला बांधलेला दोर धरून तो उठून बसायचा, कूस बदलायचा. सकाळी त्याची बायको खुशबू त्याचं सगळं आटोपून गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जायची. ती परत येईपर्यंत तो, खिडकी आणि मोबाईल.

टोळीला यातलं काहीच माहीत नव्हतं. गावाचं नाव तेवढं त्याने सांगितलं होतं, आणि ते तिरोड्याकडचं म्हटल्यावर प्रफुलने स्वतःच ठरवून टाकलं होतं की हा वीज प्लांटमध्ये कामाला असणार. खुशबू अंग पुसायला आली की संघदीप खेळ थांबवून म्हणायचा, "आता जमत नाही, काम हाय." ते समजायचे, ड्यूटी. त्याने ते खोडलं नाही. कोणी तरी आपल्याला ड्यूटीवरचा माणूस समजतं, याची त्याला सवय झाली होती.

मग गोंदियात स्पर्धा निघाली. एका हॉलमध्ये, चारही गडी समोरासमोर बसून.

"दादा, तू पायजेच," घनश्याम म्हणाला. "तू नसला तं मले कोण उठवंन?"

"मले जमत नाही गा. दुसरा पहा."

"छुट्टी ले ना एक दिन," प्रफुल म्हणाला. "प्लांट बंद थोडी पडेगा तेरे बिना."

संघदीप दर वेळी काही तरी सांगून टाळत गेला. शेवटी आचल म्हणाली, "आमीच येतो तुमाले न्यायले." तिला थट्टा करायची सवय होती, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी अंगणात गाड्या थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक बाईमाणूस खुशबूला विचारत होतं, "संघदीपभाऊ इथीच राहतात का?" हा आवाज वर्षभर त्याच्या कानात होता. दोर ओढून तो ताठ बसला, लघवीच्या नळीची पिशवी खाटेखाली सरकवली, पायांवर चादर ओढली. त्याहून जास्त काही करण्यासारखं नव्हतं.

"हो, हायत ना घरी," खुशबू म्हणाली. तिला काय माहीत. "या ना आत."

प्लांटवाला संघदीप कोण, ते गावात कोणालाच सांगता आलं नव्हतं. चौकात एक म्हातारा म्हणाला होता, "तो पडलेला काय? तो तं लोळूनच राह्यते." हे आपल्या माणसाबद्दल असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण गावात दुसरा संघदीप नव्हता म्हणून म्हाताऱ्याने दाखवलेल्या घरी ते आले होते. दारात उभं राहिल्यावर तिघांना एकदमच कळलं. प्रफुल अंगाने किरकोळ होता, आवाजावरून वाटायचा त्याच्या निम्मा. आचलची नजर आधी दोराकडे गेली, मग खाटेखाली, आणि नर्सिंग शिकणारीच ती, तिला विचारावं लागलं नाही.

घनश्याम सगळ्यांत लहान होता. काय करावं ते न सुचून तो वाकला आणि संघदीपच्या पाया पडला. चादरीवरून त्याचा हात पायांना लागलेला संघदीपने बघितला. बघितला म्हणूनच त्याला कळलं.

"बसा ना," संघदीप म्हणाला. "खुशबू, चहा ठेव."

खुशबूने चहा आणून दिला. मग प्रफुल म्हणाला, "भैया, बताना था ना."

"काय सांगू? खेळाले पाय लागते का?"

कोणी हसलं नाही. त्यानेच पुन्हा म्हटलं, "आता पाहलं ना? मंग निघा. चौथा कोणी बी भेटंन गोंदियात. टाइम हाय आजून."

"आमी नाही जाऊन राहिलो," आचल म्हणाली. "तुमच्याबिगर नाही."

"जा ना वो. येवढी तयारी केली तुमी."

"नाही जी," घनश्याम म्हणाला.

ते 'जी' संघदीपच्या कानाला लागलं. वर्षभर घनश्याम त्याला दादा म्हणायचा, पण 'तू' आणि 'बे' करूनच.

ते स्पर्धेला गेले नाहीत. दुपारपर्यंत थांबले, खुशबूने वाढलेलं वरण-भात जेवले. आचलने निघताना तिला बाजूला घेऊन पाठीच्या जखमांना काय लावायचं ते समजावलं. पोरं गेल्यावर खुशबू म्हणाली, "किती गुणाचे पोरं हायत जी. तुमी सांगतलं काऊन नाही?" संघदीपने भिंतीकडे कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. तो खेळात शिरला तेव्हा तिघं आधीच हजर होते.

विमानातून उतरल्यावर सगळ्यांत चांगलं चिलखत घनश्यामला मिळालं. त्याने ते आणून संघदीपपुढे टाकलं. "घ्या जी." आचलने तिची दुर्बीण लावलेली बंदूक दिली. प्रफुलने औषधं. संघदीप म्हणाला, "मले येवढं नोको गा, वाटून घ्या." कोणी उचललं नाही. सामान तसंच गवतात पडून राहिलं.

थोड्या वेळाने प्रफुल पडला. संघदीप सवयीने निघाला.

"दादा, तुम्ही नका येऊ," प्रफुल म्हणाला. मराठीत म्हणाला, आणि शुद्ध. "तुम्ही तिथेच थांबा. आचल येते."

आचलने त्याला उठवलं. संघदीप एका घरात, खिडकीजवळ उभा राहून बघत राहिला.

असं रोज होऊ लागलं. ते त्याच्या चारी बाजूंनी चालत. तो थांबला की थांबत. गोळी झाडायची संधी आली की म्हणत, "दादा, तुम्ही मारा," आणि अर्धमेला करून ठेवलेला शत्रू त्याच्यासाठी राखत. शिव्या पार बंद झाल्या. घनश्याम चुकून 'अबे' म्हणून गेला तर लगेच 'माफ करा जी' म्हणायचा. त्यांच्यावर रागवावं असं त्यांनी काहीच केलं नव्हतं. पडलेल्या सोबत्याला सोडून जाऊ नये, आहे ते वाटून द्यावं, हे सगळं तर त्यानेच त्यांच्या अंगी लावलं होतं.

एकदा त्याने दुसऱ्या नावाने शिरून अनोळखी लोकांबरोबर खेळून बघितलं. त्यांतल्या एकाने त्याच्या पाठीवरच्या सामानासाठी त्याच्यावरच बॉम्ब टाकला, त्यातून तो वाचला. दुसरा पडला तेव्हा संघदीप त्याला उठवायला गेला आणि उठल्या उठल्या तो शब्दही न बोलता पळून गेला. गडबडीत संघदीपला गोळी लागली. तो रांगत राहिला, कोणी वळून बघितलं नाही. तो पुन्हा आपल्या टोळीत आला. जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.

मग एका दुपारी, जिंकायला अगदी थोडं बाकी असताना, घनश्याम मैदानात पडला. संघदीपने कोणाला न विचारता धूर फेकला आणि धावत सुटला. निम्म्या वाटेवर त्याला गोळी लागली.

"थांबा दादा, येऊन राहिलो," प्रफुल ओरडला.

"नोको येऊ. आडोसा सोडू नोको. तुमी दोघं जिकसान."

प्रफुल आला. तो पडला. मग आचल आली. तीही पडली. चौघेही मैदानात रांगत असताना समोरच्या टोळीने सावकाश येऊन सगळ्यांना संपवलं.

एरवी आता घनश्यामच्या शिव्या सुरू झाल्या असत्या.

"नेट स्लो होता आज," आचल म्हणाली.

"हो, नेट स्लो होता," प्रफुल म्हणाला.

"घनश्याम," संघदीप म्हणाला. "माह्यी चूक झाली. शिवी दे मले."

"काय जी तुमी बी."

"दे ना बे. पयले देत होता ना? डोकं हाय का तुले, म्हण. म्हण ना."

हेडफोनमध्ये नुसता दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता. घनश्याम म्हणाला, "तुमाले कसी देऊ जी?" त्याचा आवाज रडवेला झाला होता, आणि मग संघदीपलाच त्याची समजूत काढावी लागली.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. बोलावणं आलं की जायचा, देतील ते घ्यायचा, सांगतील तिथे थांबायचा.

उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली. खुशबू दुपारी घरी असायची. एके दिवशी त्याच्या पाठीला मलम लावून झाल्यावर हात पुसत ती खाटेवर टेकली आणि पहिल्यांदाच पडद्यात डोकावली. खेळ नुकताच सुरू झाला होता. संघदीप एका घराच्या ओट्यावर उभा होता. तेवढ्यात प्रफुलने कुठून तरी जीप आणून अगदी ओट्याला लावली.

"बसा दादा. चालायचं काम नाही."

संघदीप मागे बसला. घनश्याम येऊन त्याच्या शेजारी, गोळ्या जिकडून येत होत्या त्या बाजूला बसला. आचल पुढे. जीप निघाली. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मधून लांब रस्ता.

"याच्यातले तुमी कोनते जी?" खुशबूने विचारलं.

"मागं बसला तो."

तिने नीट वाकून बघितलं.

"बरं बसवलं तुमाले," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

पडद्याच्या कडेला जीपमधून उतरायचं बटण होतं. संघदीपचा अंगठा त्यावर जाऊन थांबला होता. जीप एक टेकडी चढली, उतरली. प्रफुल खड्डे चुकवत हळू चालवत होता.